कुंभीकाठ ते सहार

ज्यांच्या लेकी परदेशी आहेत अशा माझ्या मैत्रिणींना आधी एक प्रश्न विचारते. लेकीच्या परतीच्या प्रवासातला सगळ्यांत अवघड टप्पा कोणता? तुम्ही म्हणाल विमानाचा. छे! एकदा विमानात बसलं की माणूस दुसऱ्याच्या ताब्यात गेलं. जेवा म्हणाले की जेवायचं, पट्टा बांधा म्हणाले की बांधायचा. मुंबई ते पॅरिस सात हजार किलोमीटर. साडेनऊ-दहा तासांत माणूस तिथं उतरतं. खरा प्रवास असतो तो आपल्या गावच्या उंबऱ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा. आमच्या बाबतीत तो अवघ्या सात किलोमीटरचा होता आणि त्यानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

ही गोष्ट २०१९ च्या श्रावणातली. कोल्हापूरकरांना साल सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सगळं सांगते.

आमचं बिऱ्हाड कोल्हापुरात, पण सासरचं मूळ घर गगनबावड्याच्या रस्त्याला, कळ्याच्या पुढे आत, कुंभी नदीच्या काठी. तिथं माझ्या सासूबाई राहतात. सारं गाव त्यांना आक्का म्हणतं, म्हणून आम्हीही आक्काच म्हणतो. शहरात या म्हटलं तर म्हणतात, "तुमच्या फ्लॅटात मी काय करू? दोन म्हशी ठेवणार काय गच्चीवर?"

आमची धाकटी लेक फ्रान्समध्ये, लिऑन शहराबाहेरच्या एका खेड्यात राहते. (लिऑन म्हटलं की ती हसते. तिकडे म्हणे नाकात 'लियों' म्हणतात. म्हणोत बापडे!) सहा वर्षांनी ती श्रावणात घरी आली होती. जुलैच्या विसाव्या तारखेच्या सुमाराला आली, आणि परतीचं विमान ६ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतरचं. त्या वर्षी नागपंचमी होती ५ ऑगस्टला, सोमवारी. म्हणजे बेत कसा छान जमला होता पाहा. शुक्रवारी जिवतीची पूजा, सोमवारी पंचमी, दुपारी दिंडं खाऊन निघायचं, रात्री कोल्हापूर, मंगळवारी पहाटे गाडीनं मुंबई, रात्री विमान. कागदावर कुठेही खोट नव्हती. मीच केला होता ना तो कागद!

इथे थोडं थांबून एक सांगते, कारण या चुकीपायी विमानं हुकलेली मी पाहिली आहेत. तिकिटावर '७ तारीख, ०१.३०' असं लिहिलेलं असेल तर विमानतळावर जायचं ६ तारखेच्या रात्री. ७ च्या रात्री गेलात तर विमान उडून चोवीस तास झालेले असतील. म्हणून तिकीट हातात आलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर निघायच्या रात्रीला तांबडं वर्तुळ करावं, उडण्याच्या तारखेला नव्हे. आणि मग वेळ उलटी मोजत यावी. विमानाआधी तीन तास, मुंबईतल्या गर्दीचे दोन, कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे किलोमीटरचे आठ. पावसाळा असेल तर या सगळ्यावर एक अख्खा दिवस. हा शेवटचा आकडा मी माझ्या कागदात धरला नव्हता.

आता कुणी म्हणेल, कोल्हापुरात विमानतळ आहे की! आहे. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळचा, म्हणजे चांगला जुना. पण मध्ये कित्येक वर्षं तिथं फक्त वारा उतरायचा. २०१८ नंतर पुन्हा विमानं सुरू झाली, तरी आमच्या त्या दिवसांत तिथून मुंबईचं विमान काही नव्हतं, हैदराबादकडे होतं. आता चित्र बदललंय. १० मार्च २०२४ ला नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, राजवाड्याची आठवण करून देणाऱ्या कमानी आहेत, बघण्यासारखी आहे. पण तिथं पोचायला आधी गावातून कोल्हापूर गाठायला हवं, आणि सगळी गोम तिथंच तर आहे.

रेल्वेचं म्हणाल, तर लेक येऊन आठवडा होतो न होतो तोच, २७ जुलैला, मुंबईहून कोल्हापूरला येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. हजारावर प्रवासी, त्यांत नऊ गरोदर बायका, बोटींतून बाहेर काढल्या. ती चित्रं आम्ही गावातल्या टीव्हीवर बघितली. आमचे हे म्हणाले, "रेल्वे नको, गाडीनंच जाऊ." आक्का काहीच बोलल्या नाहीत. उठून परसात गेल्या आणि आभाळाकडे बघत उभ्या राहिल्या.

शुक्रवारी, २ ऑगस्टला, श्रावण लागला. पहिलाच शुक्रवार. जिवतीचा कागद देवघराच्या भिंतीला चिकटवला, दूर्वा-आघाड्याची माळ घातली, पुरणाचे दिवे केले. तुम्हांला ठाऊकच आहे, पूजा झाली की आई मुलांना ओवाळते, आणि मुलं परगावी असली तर चारी दिशांना अक्षता टाकते. सहा वर्षं आक्का आणि मी, दोघी दोन घरांत, अशा दिशांना अक्षता टाकत आलो. त्या दिवशी नात समोर पाटावर बसली. आक्कांनी ओवाळलं आणि अक्षता तिच्या डोक्यावर टाकल्या. मग सवयीनं हातात राहिलेल्या चार दाण्यांचं काय करावं हे त्यांना कळेना. त्या नुसत्याच मुठीत धरून बसल्या. पोरगी म्हणाली, "आज्जी, टाक की त्यापण माझ्यावरच!"

संध्याकाळी पाऊस थांबला. स्वच्छ उघडीप. मी म्हटलं, बरं झालं, आता दोन दिवसांत पाणी ओसरेल, पंचमी झोकात होईल. चुलीवरचा चहा खाली उतरवते तो आक्का काठी टेकत दारात आल्या. साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"पानी बगून आलो," त्या म्हणाल्या. (आमच्याकडच्या जुन्या बायका 'आलो-गेलो'च म्हणतात. पुण्याच्या माझ्या वहिनींना अजून त्याचं हसू येतं.) "म्हादेवाच्या तिसऱ्या पायरीला सकाळी चुन्याची बोटं वडली हुती. गेली. चौथीबी गेली."

"पण आक्का, पाऊस तर थांबलाय."

"त्येच तर सांगतोय. पाऊस थांबला आन् पानी चडाय लागलं."

मला काही उमगेना. मग त्यांनी जमिनीवर बोटानं नकाशा काढून दाखवला. आपली कुंभी, पलीकडची कासारी, तुळशी आणि भोगावती, या सगळ्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होते. पुढे पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. खाली कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, आणि पंचगंगा भरली की आमच्या कुंभीचं पाणी जागच्या जागी तुंबतं. पावसाचं पाणी वरून येतं आणि उतरतंही लवकर. तुंबलेलं पाणी आवाज न करता मागून येतं, आणि ते उतरायला आठ-आठ दिवस लागतात. १९८९ साली असंच झालं होतं, २००५ साली असंच झालं होतं. त्यात राधानगरीच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे. सात आहेत; पाणी ठरावीक उंचीला आलं की माणसाच्या हाताशिवाय आपोआप उघडतात. कोल्हापुरात 'दार उघडलं' एवढंच म्हटलं तरी कुठलं दार हे कुणी विचारत नाही. (अलमट्टीमुळे पूर येतो की येत नाही, हा वाद मी मोठ्या माणसांवर सोडते. आक्कांच्या नकाशात अलमट्टी नव्हतं.)

"सकाळी निगा," आक्का म्हणाल्या.

"पंचमी दोन दिवसांवर आलीय हो. सहा वर्षांनी आलीय पोर. तुम्हीच तर तिला लिहवलंत, पंचमीला ये म्हणून."

"मीच बोलावली, मीच धाडतो."

"अन् दिंडं?"

"दिंडं पहाटं करतो. नागोबा काय रागवायचा न्हाई. पानी रागवंल."

मी तुमच्यापासून लपवत नाही, मला राग आला होता. मला वाटलं, म्हातारपणी माणूस भित्रं होतं. लेकही हिरमुसली. हे गाडीच्या चाकाकडे बघत उभे राहिले, घरातल्या भांडणात पुरुष नेहमी बघतात तसे. पण आक्कांच्या पुढे बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

पहाटे चारला उठलो. दिंडं करणं सोपं, पण घाईत नाही. पुरण आदल्या दिवशीचं होतंच. कणकेची पुरी लाटायची, मध्ये पुरणाची वडी ठेवायची, चारी बाजूंनी दुमडून चौकोन करायचा आणि हळदीच्या पानावर मोदकांसारखं वाफवायचं. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून तर हा पदार्थ. पंचमी नसताना पंचमीचे नियम पाळत आम्ही दोघी न बोलता चुलीपुढे बसलो होतो. आक्का मध्येच म्हणाल्या, "तुला राग आलाय न्हवं? येऊ दे." मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "खोटं बोलू नको, पारी फाटंल." आणि खरंच पारी फाटली हो!

बॅगांचं मात्र माझं सगळं तयार होतं. दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. वजन कुठं करायचं? गावच्या दूध संस्थेच्या काट्यावर! सकाळचं संकलन झालं की काटा मोकळा असतो, आणि दशांशापर्यंत वजन दाखवतो. सचिवांनी पावतीवर 'म्हैस' छापून आलेली पावतीसुद्धा हातात दिली. ती लेकीनं जपून ठेवलीय.

बांधाबांधीतल्या दोन-चार गोष्टी सांगून ठेवते. कांदा-लसूण मसाला आधी जाड पिशवीत, मग कापडात, मग डब्यात, आणि डबा कपड्यांच्या मधोमध. एकदा मसाला फुटला की पुढची तीन वर्षं ब्लाउजांना वास येतो. युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेऊ देत नाहीत, तेव्हा पेढे, खवा, साजूक तूप यांचा मोह सोडावा. गूळ चालतो. लोणचं नि चटणी हातातल्या पिशवीत कधीही ठेवू नये. शंभर मिलिलिटरच्या वरचं पातळ असलेलं काहीही तपासणीत काढून घेतात. हा धडा मी स्वतः फ्रान्समध्ये शिकले.

त्याचं असं झालं. २०१७ साली मी लेकीकडे दोन महिने राहिले होते. परत निघायचा दिवस नेमका रविवार. तिचं खेडं म्हणजे डोंगरउतारावरची पन्नास घरं, एक चर्च, एक पाववाला. मला वाटलं होतं, फ्रान्स म्हणजे दाराशी रेल्वे. कसलं काय! आठवड्यात दिवसाला दोन बसगाड्या, आणि रविवारी एकही नाही. शिवाय तिकडे संप हा आपल्या पावसासारखा, ऋतूच म्हणा ना. शेजारच्या म्हाताऱ्या बाई आदल्या रात्री येऊन लेकीला हातवारे करून काहीतरी बजावत होत्या. मी विचारलं, काय म्हणतात? तर म्हणे, "सकाळच्या गाडीवर भरवसा ठेवू नका, मी तुम्हांला पहाटेच स्टेशनवर सोडते." त्यांनी सोडलंही. लिऑनहून वेगाची रेल्वे धरली, दोन तासांत पॅरिसच्या विमानतळाच्या पोटातच उतरलो. स्टेशन इमारतीच्या खालीच आहे, मोठी सोय आहे. पण त्या बाईंनी निरोपाला दिलेली जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी मी हातातल्या पिशवीत ठेवली होती. तपासणीच्या माणसानं ती उचलून पिंपात टाकली. ठण्ण असा आवाज झाला. तो आवाज मला अजून आठवतो.

असो. शनिवारी सकाळी आठला निघालो. आमच्या गावाहून कळ्याच्या रस्त्याला लागायला जवळची वाट बंधाऱ्यावरून. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो हाच. पाणी अडवतो आणि वर माणसांची ये-जा. पण पावसाळ्यात तो सगळ्यांत आधी पाण्याखाली जातो. तो जाऊन आठ दिवस झाले होते. लांबच्या वाटेवर एक ओढा, त्यावर बुटकी मोरी. तिथं गुडघाभर पाणी. आमची गाडी पलीकडे भाच्याच्या दारात लावून ठेवली होती म्हणून बरं. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. बॅगांना खताची रिकामी प्लॅस्टिकची पोती घातलेली, पासपोर्ट आणि फ्रान्सचं राहण्याचं कार्ड लेकीच्या पोलक्यात, दोन पिशव्यांत गुंडाळून. कागदपत्रं नेहमी अंगावर ठेवावीत, सामानात नव्हे. पाण्याच्या प्रवासात तर हटकून.

आक्का ओढ्यापर्यंत आल्या. पोर रडायला लागली, "आज्जी, तूपण चल ना." त्या म्हणाल्या, "म्हशीस्नी कोन बगंल?" आणि ट्रॅक्टरवाल्याला ओरडल्या, "आरं, कशाची वाट बगतोस?" ट्रॉली हलली. त्यांनी हात हलवला नाही. पाणी चाकाच्या आसाला लागतंय का, तेवढंच बघत होत्या.

कळ्यापासून कोल्हापूर वीसेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना उसाचे नुसते शेंडे पाण्यावर. वडापच्या जीपगाड्या भरभरून शहराकडे चाललेल्या. बायका, पोरं, गाठोडी, एका जीपच्या टपावर चक्क शेळी. बालिंग्याच्या पुलावर आलो तेव्हा भोगावतीचं तांबडं पाणी असं वाहत होतं की लेकीनं डोळे मिटून घेतले. फुलेवाडी आली, रंकाळा दिसला आणि मी सुस्कारा सोडला.

त्या रात्री कोल्हापूरच्या घरात दिंडं खाल्ली. तूप घालून. कुणी फारसं बोललं नाही.

रविवारी शिरोलीवरून महामार्गाला लागलो. पंचगंगेचा पूल ओलांडताना यांनी गाडी किंचित हळू केली. पाणी रस्त्याच्या बरोबरीला यायला फार उरलं नव्हतं. कराड, सातारा, खंबाटकीचा घाट. घाटात थांबून उरलेली दोन दिंडं संपवली. पुण्यात मुक्काम. सोमवारी पुणे ते मुंबई, पार्ल्याला आतेबहिणीकडे. तिनं पाटावर नाग काढला होता. बारा वाजता आक्कांचा फोन लागला. "लाईट गेलीया. शाळंत आलोय समदी. म्हशी टेकावर हायती." मग खरखर आणि फोन बंद. मंगळवारी दिवसभर तो लागलाच नाही.

आणि मंगळवारीच दूरदर्शनवर दिसलं: शिरोलीला महामार्गावर पाणी. निपाणीकडे यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर. घाटांत दरडी. म्हणजे पुणे बंद, बेळगाव बंद, कोकण बंद. कोल्हापूर चहूबाजूंनी बेट झालं होतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा देतात, ४३ ला धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. माझ्या कागदाप्रमाणे आम्ही सोमवारी दुपारी गावातून निघणार होतो! सोमवारी दुपारी आमच्या ओढ्यावर पुरुषभर पाणी होतं, हे मागाहून कळलं.

मंगळवारी रात्री सहारला पोचलो. तिथलं तुम्हांला ठाऊक असेल, तिकीट नसलेल्या माणसाला आत सोडत नाहीत. दारात शिपाई पासपोर्ट बघतो आणि आपण बाहेर. लेकीनं बॅगांची ढकलगाडी धरली, दोन पावलं गेली आणि परत आली.

"आई, आज्जीचा पत्ता नाही आणि मी कशी जाऊ? तिकीट बदलते."

काय सांगणार होते मी? माझा जीव तर तिच्यापेक्षा जास्त अडकला होता. पण ८ तारखेला तिला तिकडच्या कचेरीत कार्डाच्या नूतनीकरणाला उभं राहायचं होतं. ती तारीख चार महिन्यांनी मिळालेली. हुकली असती तर कार्ड संपलं, नोकरी अडचणीत. मी म्हटलं, "दोन दिवस आधी तुला कुणी काढलं गावातून? आणि कशाला काढलं?" ती बघत राहिली. मग डोळे पुसून आत गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती तोवर मी उभी होते. तपासणी झाल्याचा तिचा निरोप मोबाईलवर येईपर्यंत जागा सोडायची नाही, हा माझा नियम आहे. त्या रात्री तो पाळायला पाऊण तास लागला.

ती बुधवारी घरी पोचली. आणि आम्ही? आम्हांला घर नव्हतं! तिला विमानापर्यंत पोचवणारे आम्ही पुण्यात पुतण्याच्या घरी अडकून बसलो. किणीच्या नाक्याच्या अलीकडे मालमोटारींच्या रांगा लागल्या होत्या. पाणी उतरायला लागल्यावर आधी औषधं, पाणी, इंधन नेणाऱ्या गाड्या सोडल्या. लेक तिकडून रोज विचारायची, आज्जी? आणि मी रोज सांगायची, बोटी गेल्यात, जवान आलेत, सगळ्यांना काढतायत. मला स्वतःला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईपणात किती खोटं बोलावं लागतं, त्याचा हिशेब देवानं ठेवू नये.

आठवड्यावर दिवस गेल्यानंतर आम्ही कोल्हापुरात शिरलो, आणि त्यानंतर दोन दिवसांनी गावात. चिखलाचा वास अजून नाकात आहे. घराची मागची भिंत गेली होती. कणगीतलं भात फुगून उमललं होतं. आक्का शाळेच्या व्हरांड्यात बसून लहान पोरांना भाकरी कुस्करून देत होत्या. बारीक झाल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"पोरगी पोचली न्हवं?"

"पोचली."

"कवा?"

"बुधवारी."

त्यांनी मान हलवली आणि भाकरी कुस्करायला लागल्या. मग म्हणाल्या, "पंचमीला खराच नागोबा आलता हितं. ह्या खांबाला. समद्या बायांनी लांबनं हात जोडले. पोरं बाकावर उभी ऱ्हायली. दूध न्हवतं, म्हटलं बाबा, आमालाच न्हाई, तुला कुठनं देऊ?" आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

२०२१ च्या जुलैत पाणी त्याहूनही चढलं, ५६ फुटांच्या वर. पण तोवर घर गावठाणाच्या वरच्या अंगाला बांधलं होतं, आणि म्हशींचा गोठाही. लेक आता येते ती डिसेंबरात, ऊस तुटायच्या दिवसांत. गेल्या खेपेला ती उजळाईवाडीहून मुंबईला उडाली. गावातून निघाल्यापासून अडीच तासांत विमानात. आक्का तिला पोचवायला पहिल्यांदाच विमानतळावर आल्या होत्या. कमानीखाली उभं राहून त्यांनी विचारलं, "ह्येच्यावर पानी येतंय काय?" पोरगी म्हणाली, "नाही आज्जी, हे माळावर आहे." "मग बरं हाय," म्हणाल्या.

श्रावणात मात्र ती नसतेच. यंदाही पहिल्या शुक्रवारी आक्कांनी जिवती पुजली, पुरणाचे दिवे लावले आणि मुठीत अक्षता घेऊन अंगणात आल्या. चारी दिशांना टाकायच्या हे त्यांना आता पटत नाही. वाया जातात म्हणे. मला म्हणाल्या, "फोन लाव तिला. इच्यार, तुजा गाव नेमका कुठल्या अंगाला."

लेकीनं तिकडे नकाशा काढला, हिशेब केला आणि सांगितलं, "गगनबावड्याकडे तोंड करून उभी राहा, आणि थोडी उजवीकडे वळ."

आक्का वळल्या.

"एवढी?"

"अजून थोडी, आज्जी."